गिऱ्हाईक दोनदा

एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत, हे मी दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी सांगते. मागच्या जूनमध्ये माझ्याच पडद्यावर एकाखाली एक दोन ‘गिऱ्हाईक’ उभे राहिले. काना, मात्रा, वेलांटी सगळं तेच. एकात दोन हजारांवर फोल्डर, दुसऱ्यात बेचाळीस. मी चष्मा पुसला, मग पडदा पुसला, आणि शेवटी भाच्याला फोन लावला.

त्याचं उत्तर पुढे येईलच. आधी मी या काळ्या खिडकीच्या नादाला लागले कशी, ते सांगते.

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे, १९९९ पासून. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका, मंडळांची पावतीपुस्तकं. फायली इकडून तिकडे न्यायच्या म्हणजे आधी फ्लॉपी, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. कमांड टाइप करून फाइल पाठवायची वेळ पहिल्यांदा आली ती एका दैनिकाच्या जाहिरातींमुळे. त्यांच्या ऑफिसातून एका चिठ्ठीवर पत्ता, नाव आणि पासवर्ड लिहून मिळाला होता. विंडोजची काळी खिडकी उघडायची, एफटीपी (फायली दुसऱ्या मशीनवर पाठवायची जुनी पद्धत) लिहायचं, आत शिरायचं आणि ‘पुट’ म्हणून फाइल ढकलायची.

पहिलीच जाहिरात पाव पानाची, एका सराफाची. पाठवली, निर्धास्त घरी गेले. रात्री नऊला तिकडच्या ऑपरेटरचा फोन: “मॅडम, फाइल उघडत नाही.” परत पाठवली. परत तेच. तिसऱ्या वेळी तोच वैतागून म्हणाला, “आधी बिन म्हणा हो, बिन!” बिन म्हणजे बायनरी. मी ते लिहिलंच नव्हतं, त्यामुळे एफटीपी समजत होतं की मी मजकूर पाठवतेय. विंडोजमध्ये ओळ संपली की दोन खुणा पडतात, दैनिकाकडे होतं तसल्या युनिक्सच्या मशीनवर एकच. मजकूर म्हणून पाठवलं की एफटीपी वाटेत त्या दोनाची एक करून देतं. मजकुराला हे उपकारच. पण चित्राच्या फायलीतही नेमक्या त्याच दोन खुणा योगायोगाने ठिकठिकाणी पडलेल्या असतात, आणि तिथूनही एकेक बाइट गळतो. सराफाचा हार असा वाटेत सुटला. चूक माझीच, पण शिकवलं कुणी होतं?

या एफटीपीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत अभय भूषण यांनी लिहिला. मूळचे अलाहाबादचे, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले. हे मला फार उशिरा कळलं. त्या रात्री कळलं असतं तरी त्या सराफाची समजूत पटली नसती म्हणा.

मग आला ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. आम्ही कॅबिनेट माळ्यावर चढवले, मॉनिटर चढवले, कागदाची रिमं चढवली तेवढी चढवली. खालच्या ड्रॉवरमधली एक्स्टर्नल डिस्क कुणाच्याच लक्षात आली नाही. तिच्यावर माझी ‘सुरक्षित प्रत’ होती. म्हणजे मूळ फायली माळ्यावर कोरड्या आणि त्यांची प्रत चिखलात. नुकसान तसं झालं नाही, पण पाणी ओसरल्यावर ड्रॉवर ओढला तेव्हा जे वाटलं ते विसरले नाही. दुकानातल्या दुकानात ठेवलेली प्रत म्हणजे एकाच पिशवीत ठेवलेल्या दोन किल्ल्या.

ताई पुण्याला, धनकवडीत. तिचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. तो म्हणाला, “मावशी, माझा जुना लॅपटॉप पडलाय, बॅटरी मेलीय पण चालतो. त्याला डिस्क लावू, तू सांगलीहून रोज रात्री पाठव.” मी विचारलं, सगळं पाठवायला किती वेळ लागेल? दुकानात ४१२ जीबी होतं. आमच्या इंटरनेटचा वर जाणारा वेग ४० एमबीपीएस. त्यातली गोम अशी की इंटरनेटवाले बिटमध्ये बोलतात आणि फायली बाइटमध्ये मोजतात, म्हणून आठाने भागायचं: सेकंदाला ५ एमबी. म्हणजे जवळजवळ तेवीस तास, आणि तेही मध्ये एकदाही वीज न जाता. सांगलीत, पावसाळ्यात.

मी डिस्क पिशवीत घातली आणि एसटीने स्वारगेटला उतरले. सहा तास लागले. भाच्याने तिथल्या तिथे हिशेब केला: ४१२ जीबी सहा तासांत, म्हणजे सेकंदाला १९ एमबी, म्हणजे साधारण १५० एमबीपीएस. लालपरी माझ्या फायबरच्या पावणेचार पट वेगवान निघाली. पहिली खेप नेहमी अशीच न्यावी असं माझं मत झालंय. पुढचा रोजचा फरक मात्र तारेवरून.

तो फरक शोधून तेवढाच पाठवणाऱ्या हत्याराचं नाव आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी ते १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात केलं. ते आधी दोन्हीकडच्या फायलींचा फक्त आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ बघतं. दोन्ही जुळलं की ती फाइल सोडून पुढे. म्हणूनच कमांडीत ‘ए’ घालायचा, त्याने फायलींच्या वेळाही जशाच्या तशा तिकडे जातात. मी सुरुवातीला हाताने नुसता ‘आर’ लिहायचे, वेळा जायच्या नाहीत, आणि दुसऱ्या रात्री आरसिंकला वाटायचं सगळंच बदललंय.

बदललेली फाइल सापडली तरी ते अख्खी पाठवत नाही. ही गोष्ट मला भाच्याने तीनदा सांगितली, पण समजली माझ्याच धंद्यातून. समजा एकाच पुस्तकाची जुनी प्रत ताईकडे आणि नवी माझ्याकडे. काय बदललं ते फोनवर शोधायचंय. ताई प्रत्येक पानावरच्या अक्षरांना ठरलेले आकडे देऊन त्यांची बेरीज मला सांगते. पण मी तिसऱ्या पानावर चार ओळी घुसवल्या असतील, तर पुढची सगळी पानं सरकली. पानागणिक जुळवायला गेले तर तिसऱ्यापासून शेवटपर्यंत एकही जुळणार नाही. डीटीपीवाल्यांना हे दुखणं माहीत आहे. ट्रिजेलची युक्ती अशी की नव्या प्रतीवर पानाएवढी चौकट ठेवायची आणि ती एकेक अक्षर पुढे सरकवत जायची. मागचं एक अक्षर वजा, पुढचं एक मिळवा, की नवी बेरीज तयार. पुन्हा पहिल्यापासून मोजायला नको. ताईने सांगितलेला आकडा कुठेही आला की थांबायचं, आणखी कडक मोजमापाने खात्री करायची, आणि जुळलं तर ‘हे पान तुझ्याकडे आहेच’ एवढंच कळवायचं. फक्त त्या चार ओळी तारेवरून जातात.

पेजमेकरच्या जुन्या फायलींना याचा मोठा फायदा होतो. नव्या कोरलच्या फायली आतून झिपसारख्या दाबलेल्या असतात, तिथे एक फोन नंबर बदलला तरी बरंच काही उलटंपालटं होतं, त्यामुळे फायदा थोडाच.

हे सगळं जातं एसएसएचच्या, म्हणजे बाहेरच्याला आत डोकावता न येणाऱ्या, बोगद्यातून. एफटीपीत पासवर्ड उघडा जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. हेलसिंकीच्या टाटू युलेनेन यांनी त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले तेव्हा, १९९५ मध्ये, एसएसएच लिहिलं. आता पासवर्डही लागत नाही, किल्लीची जोडी असते: एक माझ्याकडे, तिचं कुलूप ताईकडे. एक कटकट सांगून ठेवते. दार क्रमांक (पोर्ट) द्यायचा असेल तर एसएसएचला लहान ‘पी’ आणि त्याच बोगद्यातून फायली नेणाऱ्या एससीपीला मोठा ‘पी’. का, ते विचारू नका. एससीपीत लहान ‘पी’ आधीच फायलींच्या वेळा राखायला वापरून झाला होता. आणि ताईच्या इंटरनेटला बाहेरून आत यायचा रस्ताच नाही, एकच पत्ता कितीतरी घरांत वाटलेला. भाच्याने दोन्हीकडे टेलस्केल टाकून दिलं, ते अशा दोन मशीनची आपसात गाठ घालून देतं, तेव्हा ते सुटलं.

आता फजितीची गोष्ट. आरसिंकला ‘डिलीट’ असं सांगता येतं: माझ्याकडे जे नाही ते तिकडूनही पुसून टाक. नावं बदलली, फोल्डर हलवले की तिकडे कचरा साठतो, म्हणून मी ते घातलं होतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी हाताने कमांड चालवली आणि पडद्यावर ‘डिलीटिंग’च्या ओळी धावायला लागल्या. हळदीकुंकू गेलं. स्मरणिका गेल्या. सत्यनारायण गेला. शेवटच्या अक्षरापासून वर पुसत चाललं होतं. कंट्रोल-सी दाबेपर्यंत ‘श’पर्यंत पोचलं.

झालं होतं असं की दुकानातल्या डिस्कची वायर ढिली होती. डिस्क जोडलेलीच नव्हती, तिच्या जागी नुसता रिकामा फोल्डर. आरसिंकने पाहिलं, मालकिणीकडे काहीच नाही, म्हणजे तिकडेही काही नको. हुकमाची अंमलबजावणी अगदी चोख. मूळ माल डिस्कवर शाबूत होता, म्हणून वायर खोचून ११ जीबी पुन्हा पाठवले, चाळीस मिनिटांत काम झालं. पण वायरीऐवजी डिस्कच मेली असती तर मी स्वतःच्या हाताने दोन्ही प्रती घालवल्या असत्या. आता आधी ‘एन’ लावून रंगीत तालीम करते, त्यात ते काय करणार ते नुसतं सांगतं, करत काही नाही. शिवाय ‘मॅक्स-डिलीट’ पन्नासवर बांधलंय. आणि डिस्कवर ‘मी आहे’ नावाची एक रिकामी फाइल ठेवलीय. ती दिसली नाही तर रात्रीची कमांड सुरूच होत नाही.

तिरक्या रेघेचंही एक. फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. डबा रिकामा करून दिला की डब्यासकट दिला, एवढाच फरक. मी पहिल्या महिन्यात ताईकडे ‘पत्रिका’मध्ये ‘पत्रिका’ अशी सगळी जत्रा एकदा बाहेर आणि एकदा आत भरवून ठेवली होती.

एका रात्रीचा अहवाल ‘कोड २३’ म्हणून आला, म्हणजे काही माल गेला, काही राहिला. राहिलेली फाइल एकच. तिचं नाव: ‘शुभविवाह निमंत्रण पत्रिका मुलाकडची दुरुस्त केलेली मामांनी तपासलेली शेवटची खरोखर शेवटची आता बदल नाही’. मी ठेवलेलं नाही, विंडोजच्या मशीनवर बसणाऱ्या पोरीने ठेवलं होतं, आणि तिचं दुःख मला कळतं. विंडोजला हे नाव चाललं. पण ताईकडच्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे. लिनक्सच्या डिस्कवर नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना वेगळा, अनुस्वार वेगळा, पाय मोडला तर तो वेगळा. म्हणजे इंग्रजीवाल्यांना २५५ अक्षरं आणि आपल्याला ८५ चिन्हं. मी मोजलं: ते नाव २७१ बाइट भरलं. ‘आता बदल नाही’ काढून टाकलं, गेली फाइल. बदल तरी कुठे थांबले होते.

आणि आता ते दोन गिऱ्हाईक.

एका डिझायनरने काम बंद केलं तेव्हा त्याचा जुना आयमॅक मी घेतला होता, त्याच्या बेचाळीस गिऱ्हाइकांच्या फायलींसकट. जूनमध्ये त्या फायली माझ्या लिनक्सच्या मशीनवर आणायला घेतल्या. १८० जीबी. आधी सेकंदाला ११ एमबीच्या वर काही जाईना. दुकानातला नेटवर्कचा डबा पुरापूर्वीचा, १०० एमबीपीएसवाला. तो बाजूला ठेवून दोन मशीन एकाच वायरने सरळ जोडली, दोघांना हाताने पत्ते दिले, आणि तासाभरात काम उरकलं. त्याच्याही मशीनवर वरच्या फोल्डरचं नाव ‘गिऱ्हाईक’च होतं. सगळं माझ्या ‘गिऱ्हाईक’मध्ये मिसळेल असं मी धरून चालले होते.

भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, नावं वाचू नकोस, बाइट बघ.” एलएस, उभी रेघ, एक्सएक्सडी. दोन्ही नावांचे आकडे छापले, बटर पेपरवर काढल्यासारखे एकावर एक धरले. पहिल्या ‘गि’पर्यंत सगळं सारखं. मग माझ्याकडे ई० ए४ बी१, तीन बाइट. मॅककडून आलेल्यात ई० ए४ बी०, ई० ए४ बीसी, सहा बाइट. पुढे पुन्हा सारखं.

तो ‘ऱ’ होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, ऱ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण ‘साधा र आणि खाली नुक्ता (टिंब)’ असंही ते लिहिता येतं, आणि दोन्ही एकच मानायचे असा नियम आहे. जुन्या मॅकची डिस्क नाव लिहून घेताना अक्षरं अशी सुटी करूनच ठेवते. लिनक्स दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवतं, मानणं वगैरे त्याच्या गावी नाही. मॅकच्या आत काही बिघडलेलं नव्हतं, लिनक्सच्या आतही नाही. मध्ये माल उतरवला तेव्हा दोन गिऱ्हाईक झाले. हिंदीवाल्यांना हे ड़ आणि ढ़ मध्ये भेटत असेल. आपल्याकडे मात्र ऱ कुठे नाही? कुऱ्हाडे, गोऱ्हे, पाटलांच्या सुनेच्या ‘बांगड्या व तोरणे दुसऱ्यांदा’ या फायलीत, सगळीकडे. आणि काही टायपिंगच्या पट्ट्या तोच अर्धा र तिसऱ्याच तऱ्हेने काढतात: र, पाय मोडलेला, आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. बघा, ‘तिसऱ्याच तऱ्हेने’ लिहितानाही दोनदा आलाच.

पंचवीस वर्षं मी लोकांच्या प्रुफात ऱ शोधतेय, ‘गिर्हाईक’ दिसलं की लाल खूण करतेय. आणि हा एकसारखा दिसणारा, एकसारखा छापला जाणारा ऱ माझ्या डोळ्यांदेखत निसटला. प्रूफ वाचून तो कुणालाच सापडला नसता, हेच माझं समाधान.

उपाय दोन निघाले. आधीच येऊन पडलेल्या नावांसाठी कन्व्हएमव्ही नावाचं हत्यार, ते सगळी नावं सुट्याची जोड करून देतं. आणि स्वभावाने इतकं शहाणं की ‘नो-टेस्ट’ म्हटल्याशिवाय नुसतं काय करेन तेच दाखवतं. पुढच्या खेपांसाठी आरसिंकचा ‘आयकॉन्व्ह’: मॅकवरून पाठवताना सांगायचं की इकडची नावं मॅकच्या पद्धतीची, तिकडची साध्या. पण आयमॅकवर मुळात असलेलं आरसिंक २.६.९, आणि ही सोय ३.०.० पासूनची. त्यासाठी नवं आरसिंक टाकण्यात एक दुपार गेली. हा आयकॉन्व्ह भाच्याने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला होता, आणि त्याच्या फोनने दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करून टाकली होती. कमांड चालेना. ती चूक मात्र मी एका नजरेत पकडली. हायफन आणि डॅश मला कुणी शिकवायला नको.

भाचा आता नोकरीला बंगळूरला. लॅपटॉप ताईच्या हॉलमध्ये टीव्हीखाली, आणि त्याच बोर्डावर ताई इस्त्री लावते. गेल्या आठवड्यात तिने डिस्कचा प्लग काढला, मग लॅपटॉपचाही, मग दोन दिवसांनी फक्त लॅपटॉपचा परत लावला. डिस्क सापडेना म्हणून लॅपटॉप काळ्या पडद्यावर अडून बसला, इंटरनेटसुद्धा नाही. मला इथून काही करता येईना. ताईला फोन.

“आधी डिस्कचा प्लग लाव. मग एंटर दाब. आता लिही, एम ओ यू एन टी. एक जागा सोड. आडवी रेघ, लहान. मग ए.”

“ए मोठा का लहान?”

“सगळं लहान. एंटर. काय आलं?”

“काही नाही आलं.”

“म्हणजे झालं.”

“काही बोललं नाही म्हणजे झालं? शाळेत मी असं म्हटलं असतं तर पोरांनी...”

“ताई, आता एक्झिट लिही, एंटर दाब. नेहमीचा पडदा आला की त्यातली काळी खिडकी उघड आणि लिही, एल एस. जागा. तिरकी रेघ, एम एन टी, तिरकी रेघ, डी यू के ए एन.”

“तिरकी कुठे झुकलेली?”

“अपूर्णांक लिहितो तशी.”

“हां, असं सांग की.” मग थोडा वेळ नुसते कळांचे आवाज. “आलं गं. अहवाल, आमंत्रण, बारसं... किती ही नावं! गिऱ्हाईक.”

“किती वेळा आहे?”

“काय किती वेळा?”

“गिऱ्हाईक.”

“एकदाच आहे की. का? बरं ऐक, सगळं चालू झालं वाटतं. मी इस्त्री लावू का आता?”